सुनेची दाढ

दिराच्या लग्नात चेहरा भरलेला दिसावा म्हणून सिंदीच्या रुचिकाने नागपुरात गालांत इंजेक्शनं घेतली. लग्न उरकलं, पण डाव्या गालावर गाठ राहिली. तिने घरच्या बांगड्यांच्या दुकानात बसणंच सोडलं. गिऱ्हाइकं विचारत, तेव्हा सासूबाई, यशोदाबाई, सांगत, "दाढ सुजून राह्यली तिची." घरात मात्र त्यांनी कधी टोमणा मारला नाही.

दुसऱ्या डॉक्टरकडेही त्याच घेऊन गेल्या. गाठ विरघळवायलाही इंजेक्शनच आहे, हे ऐकून रुचिका घाबरली.

"मी धरतो ना तुया हात," त्या म्हणाल्या.

गाठ विरघळली. रुचिका पुन्हा दुकानात बसली, तेव्हा बांगड्या भरायला आलेल्या शेजारच्या देवकाबाईंनी विचारलं, "दाढ काढली काय इची?"

"काढली एकदाची," यशोदाबाई म्हणाल्या.

रुचिकाने देवकाबाईंना थोडं थांबवलं आणि पहिल्या बांगड्या सासूबाईंच्या हातात भरल्या.