पांढऱ्या दोऱ्याच्या बारा रेघा

माझी मावशी तीस वर्षं लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवत आली. नवा कपडा ती शिवायची नाही. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या पोटांसाठी शिवणी सोडणं, एवढंच तिचं काम. माणूस दुकानात शिरला की चेहऱ्याआधी तिला त्याची कंबर दिसायची आणि "वाढलात हो!" हे ती एवढ्या मोठ्यानं सांगायची, की रस्त्यावरचे लोक वळून बघत. तरी माणसं तिच्याकडेच येत. औषधाच्या दुकानाला चिकटून तिची एवढीशी खोली होती. मशीन, टेबल आणि कोणालाच उंच न दाखवणारा एक आरसा.

मग कोपऱ्यावर कपड्यांचं मोठं दुकान उघडलं. कपडा तिथं घेतला की फिटिंग फुकट. वर्षभरात मावशीचं टेबल रिकामं दिसू लागलं. त्यात तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. ऑपरेशनचे पैसे बाजूला काढलेले होते, पण तारीख काही ठरत नव्हती. "आत्ता दुकान बंद ठेवलं तर उरलेली गिऱ्हाइकंही जातील," म्हणायची.

जाहिरातीचं खूळ मीच तिच्या डोक्यात भरलं. "पैसे भरले की आसपासच्या लोकांच्या फोनवर तुझं दुकान दिसतं, मावशी."

"दिसेल गं. पण दिसलं म्हणून कोणाची पँट लांब होते का?"

मापाशिवाय कात्री न लावणारी बाई ती. तिनं जाहिरातीचंही माप काढायचं ठरवलं. एक महिना थोड्या पैशांत करून बघायची. नवा माणूस आला की विचारायचं, "दुकान कुठून कळलं?" तो "जाहिरातीतून" म्हणाला, की मशीनशेजारी टाचलेल्या काळ्या अस्तराच्या तुकड्यावर खडूची एक रेघ. दहा रेघा भरल्या, तर डोळ्याचे पैसे घालून सहा महिन्यांची जाहिरात. नाही भरल्या, तर खोली सोडायची, डोळा करून घ्यायचा आणि घरी बसायचं. हे तिनं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. तिच्या पोटात काही राहतच नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत तीन रेघा झाल्या. मावशीचा चेहरा उतरला आणि मला ते बघवेना. माझ्या ऑफिसातल्या दोघांना मी गळ घातली, "जा आणि जाहिरात बघून आलो म्हणा." त्यातल्या एकाची पँट इतकी बरोबर होती, की मावशी त्याच्यावरच उखडली. "आखूड कशाला करताय? घोटे दाखवायचेत का?" पण रेघ मारली. मला तेव्हा फार बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

महिना संपला तेव्हा बारा रेघा झाल्या होत्या. खडू पुसला जातो, म्हणून टिकायला हव्या त्या प्रत्येक खुणेवर ती धावदोरा घालायची. त्या बारा रेघांवरही तिनं पांढरा दोरा घातला, त्या अधू डोळ्यानं, एकेक टाका चाचपत. कित्येक महिन्यांनी ती हसली.

डोळ्याचे पैसे जाहिरातीत गेले. पुढचे चार महिने एकही रेघ पडली नाही. आम्ही फोटो बदलला, मजकूर बदलला. मावशी दाराकडे तोंड करून बसायची. पाचव्या महिन्यात तिनं एका कोटाची बाही उलटी जोडली, तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातला दाब वाढला होता. ऑपरेशन झालं, पैसे मी भरले, पण नजर अर्धीच परत आली. खोली सोडावी लागली.

सामान हलवताना शेजारचा औषधवाला आरसा उतरवायला आला. मावशी बाहेर टेम्पोपाशी होती. तो हळूच म्हणाला, "ताई, तेव्हा मी माझ्या साडूला आणि मेहुण्याला पाठवलं होतं. म्हटलं, जाहिरातीचं नाव सांगा. दोघांनी काय होतंय?"

मग मी एकेकाला विचारत सुटले. इस्त्रीवाल्यानं दोघं पाठवली होती. समोरच्या शाळेतल्या बाईंनी तिघी. घरमालकिणीनं दोघी, तीही भाडेकरू जाऊ नये म्हणून नाही, मावशीचा जीव रमावा म्हणून. माझ्या आईनं तिची एक मैत्रीण. आणि माझे दोघं. मी बोटांवर मोजलं. बारा भरले. जाहिरात बघून कोणीही आलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण तेवढं जरासं खोटं बोलतोय, बाकीचे खरेच आहेत. मला सगळ्यांचा संताप आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

आता मावशी घरीच थोडंफार शिवते. तिला सुई ओवता येत नाही, म्हणून दर रविवारी मी जाऊन आठवड्याच्या सुया ओवून ठेवते. काळा तुकडा तिनं मशीनवर अंथरलाय.

परवा त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "चूक माझीच गं. आधी डोळा करून घ्यायला हवा होता. हात बिघडला, म्हणून पुढं कोणी आलं नाही. जाहिरातीनं तिचं काम केलं होतं. बारा जण आले, ओळख ना पाळख. आले होते ना?"

मी पुढची सुई उचलली.

"आले होते, मावशी."