काजं तेवढी राहिलीत

शिंपीमास्तरांना सगळी गल्ली ‘धाकटे परवा’ म्हणायची. थोरले परवा म्हणजे त्यांचे वडील. गिऱ्हाईक दारात दिसलं की थोरले कान खाजवत, चष्म्यावरून बघत आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणत, “झालंच की. काजं तेवढी राहिलीत. परवा या.” कापडाला तोवर कात्रीही लागलेली नसे.

वडील गेले आणि धाकट्यांनी मनाशी ठरवलं, आपण शब्द पाळायचा. मुलगी झोपायच्या आत घरी जायचं, तिच्यासोबत जेवायचं. बुधवार म्हटलं की बुधवारी कपडा तयार.

तयार होतही असे, पण न्यायला कुणी येईना. बुधवार म्हणजे शनिवार, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. कपडे खुंट्यांवर, मग दारामागे, मग आरशावरही लटकले. मशीनपर्यंत जायचं तर मास्तरांना परक्या बाह्या बाजूला सारत वाकून जावं लागे. आणि शनिवारी कुलूप हातात घेतलं रे घेतलं की झुंड हजर.

“नाहीच ना झालं?” कोपऱ्यावरच्या काकू भांडायची जय्यत तयारी करून आल्या होत्या.

“झालाय कोट, काकू. बुधवारीच.”

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी शिवण उलटीपालटी करून पाहिली. “इतक्या लवकर? उरकलेला दिसतोय. तुमचे वडील कसे मन लावून करायचे.”

“ते तर तोवर कापायचेही नाहीत.”

“तेच म्हणते. घाई म्हणून नाही.”

पुढच्या महिन्यात खुंट्या रिकाम्या झाल्या. बायको म्हणाली, “पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे रांग लागलीय. काय म्हणतो माहितीय? काजं राहिलीत म्हणतो.”

बुधवारी बेकरीवाले जाता जाता डोकावले. “माझी पँट काही झाली नसेल?”

पँट घडी घालून टेबलावरच होती. मास्तरांनी ती कोपराने हळूच खाली ढकलली, पायाने टेबलाखाली सारली. हात आपोआप कानाकडे गेला.

“झालीच की. काजं तेवढी राहिलीत. परवा या.”

“अगदी वडिलांवर गेलात हो,” बेकरीवाले खूश होऊन म्हणाले. “परवा आणखी दोन कापडं घेऊन येतो.”

काम सगळं संपलं होतं. घरी मुलगी ताट मांडून बसली असणार. मास्तर कुलूप घ्यायला उठले, तर समोरून काकू येताना दिसल्या. दुकान एवढ्यात बंद दिसलं तर बेकरीवाल्यांची पँट शिवतंय कोण? मास्तर पुन्हा बसले आणि दोरा न ओवलेलं मशीन चालवू लागले. काकू दारात थांबल्या, समाधानाने मान हलवली आणि शेजारणीशी गप्पा मारत तिथेच पायरीवर टेकल्या.