खंड्याच्या गळ्यातला पट्टा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—ते मलाही नीटसं कळत नाही.

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. चारी बाजूंनी ऊस, आणि ऊस आला की बिबट्या आलाच. तो कुत्र्याची मान धरतो, म्हणून आमच्याकडे दिवस मावळायच्या आत कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा चढतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी मेंढरं राखली. ते पट्ट्याला आतून घोंगडीचा तुकडा शिवायचे. मी शिक्रापूरला कंपनीत फिटर, म्हणजे जास्तीचा शहाणा—जुन्या रबरी बेल्टचा तुकडा आणला, टोकं बाहेर येतील असे खिळे ठोकले, झालं. घोंगडी कशाला हवी?

महिनाभरात आमच्या खंड्याच्या मानेचे केस गेले. मग लाल चट्टे आले, मग पाणी सुटलं. आबांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण वास त्यांनाच आधी आला. सकाळी पट्टा काढला की कडुनिंबाच्या पाण्यानं मान धुवायची, करंजाचं तेल लावायचं—एवढंच काम त्यांनी मला सांगितलं. दोन दिवस केलं. मग नुसतं "लावलं" म्हणायला लागलो. किळस यायची मला. खरंच सांगतो, किळस.

त्या दिवशी दुपारी आबा म्हणाले, "आज एक भोक ढिला घाल. लई सोलवटलंय त्याला."

संध्याकाळी पट्टा घेऊन गेलो, तर खंड्यानं अंग चोरलं आणि तो गुरगुरला. मी पट्टा गोठ्यातल्या खुंटीला अडकवला. आबांनी विचारलं, तेव्हा घातला म्हणालो. दया आली म्हणून? कैकदा स्वतःला तसं समजावलंय. दया कसली—त्या मानेला हात लावायचा नव्हता. आणि उसाच्या कडेला ताजे ठसे होते. ते मी सकाळीच पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी खंड्या तिथंच, उसाच्या कडेला, मरून पडलेला सापडला. मी पहिला पोचलो. आणि मग—मग मी काय केलं? खुंटीवरचा पट्टा आणला आणि बक्कल उघडं ठेवून त्याच्याजवळ टाकला.

आबा चाचपडत आले. पट्टा हाताला लागला. बराच वेळ बक्कल बोटांनी बघत राहिले.

"ढिला घाल म्हणलो मीच. निसटला आन् गेला. माझ्यामुळं गेला बघ."

मी शेजारी उभा होतो.

याला तीन वर्षं झाली. आता दुसरं कुत्रं आहे, पट्टा तोच. आबा तो कुणाला घालू देत नाहीत. स्वतः आवळतात, अगदी शेवटच्या भोकापर्यंत. आता घोंगडीही शिवत नाहीत—मऊ असलं की सरकतं म्हणतात. कुत्रं दिवसभर मागच्या पायानं मान खाजवत बसतं.

काल त्याच्या मानेवरून हात फिरवला, तर केस हातात आले. आबा समोरच बसले होते. दिवस कलला होता. पट्टा आण म्हणाले.

मी आणून दिला.