कागद खालून वाचणाऱ्या बाई

कोणताही कागद हाती दिला की बाई तो खालून वाचायच्या. आधी सही, मग तारीख, मग शिक्का. तिन्ही जागेवर असले तरच नजर वर सरकायची. लग्नाची पत्रिकासुद्धा त्या तशीच बघायच्या. ‘खाली कुणी हाय का न्हाई, ते बघावं आधी,’ म्हणायच्या. ‘वर काय, कुणीबी कायबी लिहितंय.’ लातुरात त्यांच्या टायपिंगच्या क्लासला जाणाऱ्या आम्ही सगळ्यांनी त्यांचं नाव सहीबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

बाईंचं उजवं मनगट वाकडं होतं. त्याची गोष्ट त्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत.

बाई मूळच्या मुरुडच्या. लातुरातल्या एका डाळमिलच्या ऑफिसात त्यांनी अकरा वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. मालक गावचेच, सगळे त्यांना आप्पा म्हणत. रुजू होताना बाईंनी बिचकत नेमणुकीचं पत्र मागितलं, तेव्हा आप्पा हसले. ‘ताई, घरच्याला कुठं पत्र देतेत का?’ बाईंनाच लाज वाटली. आपल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला परकं म्हणायचं, असं आपल्याकडे समजतात. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग एक दिवस मिलच्या जिन्यावरून त्या पडल्या, मनगट मोडलं. दोन महिन्यांनी परत गेल्या तर खुर्चीवर दुसरीच मुलगी. बाई कामगार कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, ‘तुम्ही तिथं नोकरीला होता, याचा कागद?’ बाईंकडे होता फक्त एक फोटो. ऑफिसातलं लक्ष्मीपूजन, आप्पा आणि शेजारी आरतीचं ताट धरलेल्या बाई. साहेबांनी आप्पांना बोलावून घेतलं. त्यांनी तो नीट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, ‘ताई आमच्या घरच्यावानी. पूजेला यायच्या, हौसेनं चार कागद लिहायच्या. नोकरी कसली?’ आप्पांसोबत आलेले, अकरा वर्षं बाईंच्या शेजारच्या टेबलाशी बसलेले मुनीम खाली मान घालून उभे होते.

‘ज्या शब्दानं आत घेतलं, त्याच शब्दानं भायेर काढलं,’ बाई म्हणायच्या आणि आम्हाला पहिला उतारा द्यायच्या. तो उतारा म्हणजे स्वतःच्या नावाचं नेमणूकपत्र. पद, कामाची जागा, वेळ, रजा, काढायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं. खाली सहीची जागा कोरी. ‘ती जागा तुमची न्हाई, त्यांची. ती भरल्याबिगर खुर्चीवर टेकायचं न्हाई.’

माझ्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. वडील हमालांच्या संघटनेत होते. दुसऱ्यांच्या हक्कांवर मी एका बैठकीत दोन पानं लिहीत असे. पण नांदेडच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवायला बोलावलं आणि संस्थेचे सर म्हणाले, ‘सोमवारी या. पत्र मागून येतंच,’ तेव्हा माझीही जीभ रेटली नाही. लातुरातल्या छापखान्यात माझी नेमणूकपत्रासह नोकरी होती. तिचा राजीनामा टाइप करायला मी क्लासला गेले. बाई स्क्रीनवर वाकल्या. अर्थात खालून.

‘सही करू नको. नांदेडचं पत्र कुठंय?’

‘मागून येणार आहे.’

‘मग तू बी मागून जा.’

‘बाई, सर चांगले आहेत हो.’

‘आप्पा वाईट होते व्हय? माझ्या पोरीच्या बारशाला आले होते.’

मी नांदेडला गेले, पत्र मागितलं. ‘आमच्यावर विश्वास नाही?’ सरांनी विचारलं. ‘आहे,’ मी म्हणाले. ‘नसता, तर तुमची सही घेऊन काय केलं असतं?’ चार दिवसांनी पत्र मिळालं. बाईंनी खालून पाहिलं. ‘तारीख न्हाई.’ ‘पुन्हा जाऊ?’ ‘हाव. एसटी बंद पडली का काय?’ तारीख घालून आणली, तेव्हा कुठे त्यांनी मला राजीनाम्यावर सही करू दिली.

त्या शाळेत मी रुजू झाले त्याच दिवशी आणखी एक शिक्षिका रुजू झाली, तोंडी शब्दावर. पुढे तिनं बाळंतपणाची रजा मागितली आणि दुसऱ्या दिवशी तिला फाटकातूनच परत पाठवलं. शाळेच्या लेखी ती कधी आलीच नव्हती. आज मी तिच्यासोबत कामगार कार्यालयात जाते. हजेरीचे मेसेज, मुलांच्या वह्यांवरच्या तिच्या सह्या, जे सापडेल ते गोळा करते. माझी नोकरी जाईल अशी भीती काहीजण घालतात. घालू देत. मला काढायचं तर त्यांना लिहून काढावं लागेल.

गेल्या वर्षी बाईंनी क्लास बंद केला, लेकीकडे सोलापूरला निघाल्या. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी एक दाखला टाइप केला. त्यांनी मिलमध्ये अकरा वर्षं नोकरी केली आणि पुढे आम्हाला शिकवलं, एवढाच मजकूर. पण पहिल्या अर्ध्याची ग्वाही आम्ही कशी देणार? म्हणून मी मुनीमकाकांकडे गेले. ते आता मिल सोडून घरीच असतात, डोळ्यांना कमी दिसतं. मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, ‘माझी सही एकदम खाली घे. ती खालून वाचती म्हणतेत ना?’

स्टँडवर बाईंच्या हातात कागद दिला. त्यांनी तो खालून धरला. अंगठा शेवटच्या सहीवर थांबला.

‘तारीख घातली का त्यानं?’

‘घातली, बाई.’

त्यांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत तळाशी ठेवली. ‘वरचं गाडीत वाचीन,’ म्हणाल्या. ‘खाली समदे हायत.’