पुढची सीट सुनंदाची

मंडळी, आज राहुरीला आमच्या घरी सगळे कोकणच्या सहलीचं ठरवायला जमले होते. मी नुसता बसून होतो.

गाडीत कोण कुठे बसणार हे चाललं असताना मावशी सवयीनं म्हणाली, "पुढची सीट सुनंदाला ठेवा रे, घाटात तिला गाडी लागती."

"अगं, काय बोलतीस!" आई ओरडली. मावशीनं जीभ चावली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सुनंदा माझी बायको. उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून माझ्यासमोर तिचं नाव कोणी काढत नाही.

"असू दे मावशी, तिथं मी बसतो," मी म्हणालो. लगेच विषय बदलला.

मला रडू आलं नाही. फक्त वाटलं, मावशीनं ते पुन्हा एकदा म्हणावं.

तुमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेतात का?