महिपतने मुलाचा आवाज लावला

बाप कसा होता असं कोणी विचारलं की केरूची पंचाईत होते. बाप अकरा महिने मुंबईच्या गिरणीत आणि एक महिना गावात. त्या महिन्यातही शिमग्याच्या खेळ्यांबरोबर मृदुंग वाजवत घरोघर हिंडणारा. महिपतला कोणतं कालवण आवडायचं, तो देव खरंच मानायचा की नुसता हात जोडायचा, हे केरूला आजही सांगता यायचं नाही. त्याला बाप ठाऊक आहे तो एका दुपारपुरता.

सन एकोणीसशे एकतीसची गोष्ट. केरू चौदा वर्षांचा होता. रत्नागिरीपासून तीन कोसांवरच्या त्यांच्या वाडीत शिमग्याला नमन-खेळे होत आणि त्यातलं गौळणीचं सोंग तीन वर्षं केरूकडे होतं. लुगडं नेसून, डोक्यावर मडकं घेऊन तो गायला उभा राहिला की शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या विचारत, "ही कोणाची गो सून?" ते ऐकून त्याची आई काशी चार दिवस जमिनीला पाय लावत नसे.

माघातल्या एका सकाळी केरूने गोठ्यातून आईला हाक मारली आणि आई दांडकं घेऊन धावून आली. गोठ्यात कोणी परका पुरुष शिरला, असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आवाज मध्येच चढला आणि मध्येच कोसळला. तोंडावर पुळ्या आल्या, ओठावर काळपट लव आली. केरूने ती चुलीतल्या राखेने घासून पाहिली. लव राहिली, कातडी निघाली. अंगात आणखीही बदल होऊ लागले, ते तर कोणाला सांगण्यासारखेच नव्हते. केरूला कारण कळलं होतं. शिमगा संपेपर्यंत खेळ्यांनी मासे खायचे नाहीत, अशी वाडीची रीत. मागच्या वर्षी ऐन शिमग्यात त्याने मामाकडे चोरून तळलेला बांगडा खाल्ला होता. देवीने आधी आवाज नेला, आता एकेक करून सगळं अंग बिघडवणार, आणि शिमग्याच्या आत आपण मरणार. त्याने बोलणंच सोडून दिलं.

काशीने ज्येष्ठमध दिला, आल्याचा रस दिला, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवटी गावकऱ्यांनी देवीला कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर देवीचा होकार. "पोराचा आवाज शिमग्याआधी येल काय?" असं विचारताच उजवी पाकळी टपकन पडली.

"देवीनं सांगितलान, येनार म्हंजे येनार!" दादू गुरव म्हणाला.

काशीला धीर आला. केरूला आला नाही, कारण बांगड्याचं देवीला कोणी विचारलंच नव्हतं.

शिमगा आठ दिवसांवर असताना महिपत बोटीने आला. हातात पत्र्याची पेटी आणि कागदात बांधलेली गव्हाची कणीक. ती कणीक मृदुंगासाठी असे; तिची पोळी लाटायची घरात कोणाची छाती नव्हती. काशीने त्याला पाय धुवायलाही वेळ दिला नाही.

"पोर महिनाभर बोलत नाय. तुमी इचारा त्याला."

"मी? मी काय इचारू? तू रोज असतेस घरात."

"कायतरी वयाचंच हाय, मला दिसतंय. पन मी बाईमानूस. ते बापानं सांगायचं असतं."

"मला कोनी सांगितलान होतं?" महिपत पुटपुटला आणि कुंपण नीट करायला गेला.

पहिल्या दिवशी त्याने केरूला बाजूला नेऊन सांगितलं की यंदा आंबा बरा आहे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर नेऊन सांगितलं की पाणी खाली गेलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी काशीने भाताचं मडकं मांडीशी ओढलं आणि झाकण घट्ट धरलं. "आज बोललात नाय, तर जेवन नाय."

महिपत मृदुंग घेऊन पडवीत बसला. केरूला समोर बसवलं. पण बघायचं केरूकडे नाही, मृदुंगाकडे.

मृदुंगाचं डावं तोंड कोरडंच होतं. त्याने थाप मारली. टप.

"कसा वाजतो? पोरासारका, नाय?"

मग त्याने कणीक भिजवली, तिची चकती त्या तोंडावर थापली आणि पुन्हा हात मारला. घुम्म! पडवीतली कोंबडी उडाली.

"बिघडला काय मृदुंग?"

केरूने मान हलवून नाही म्हटलं.

"मग तू कुठं बिघडलास? तुला कनीक लागली. वय झालं का लागते. मला लागली, माझ्या बापाला लागली. दादू गुरवालापन लागली, तवा कोनी कौल नव्हता लावला."

केरू महिन्याने बोलला. आवाज पार खालून आला. "आनि बांगडा?"

"कसला बांगडा?"

केरूने सगळं सांगितलं. महिपतने बराच विचार केला.

"तळलेला?"

"व्हय."

"मी कालवन खाल्लं होतं," महिपत म्हणाला. "माझा आवाज फुटला तवा मलापन वाटलं, देवीनं धरलान. वर्षभर मेल्यावानी फिरलो. बापाला इचारायची छाती नव्हती, नि बाप लाजत होता. बांगड्याचा नि आवाजाचा कायएक संबंध नाय."

पुढचं सांगताना तो इतका संकोचला की अवघड शब्द आला की थाप मारी. दाराआड कान लावून बसलेल्या काशीला ऐकू आलं ते एवढंच: "काखेत केस येतात, नि — घुम्म — ते समद्यांचंच होतं. कदी कदी — धा धा घुम्म — तोपन आजार नाय. सोच्छ आंघोळ करायची, घाबरायचं नाय."

मग त्याने हात मृदुंगावर नुसता ठेवला.

"आमच्या खोलीत एक पोर होता. मुंबईत नको तिथं गेला, दुखनं घेऊन आला. लाजंनं कोनाला बोलला नाय, अंगारा लावत बसला. फार उशीर झाला त्याला. तुला कायपन झालं तर आदी मला सांग. मी नसलो तर डाक्टरला सांग. पन सांग."

"सांगीन," केरू म्हणाला.

"जेवायला या!" आतून काशी ओरडली.

त्या शिमग्याला गौळणीचं लुगडं दुसऱ्या पोराला मिळालं आणि केरूला राक्षसाचं सोंग मिळालं. त्याच्या पहिल्याच आरोळीला पुढे बसलेली पोरं रडत आयांकडे पळाली. दादू गुरव सगळ्यांना सांगत सुटला, "बोललो नव्हतो? आला का नाय आवाज?" कोणता आवाज, हे देवीला कोणी विचारलं नव्हतं.

भाद्रपदात महिपत मुंबईत तापाने गेला. पत्र आठ दिवसांनी आलं. त्याआधी चैत्रात केरू बापाला रत्नागिरीच्या बंदरावर पोहोचवायला गेला होता, तीच भेट शेवटची ठरली. बोट लांब पाण्यात उभी होती, उतारू पडावातून तिच्याकडे निघाले होते. पडाव हलल्यावर महिपतला काहीतरी आठवलं. तोंडाशी हात धरून तो ओरडला, "गोठ्याचा कूड बांधून घे!"

"कवा?"

"काय?"

"कवा बांधू?" केरू छाती फुगवून ओरडला. आवाज मध्येच फाटला. बंदरावरची माणसं वळून बघायला लागली. केरू तसाच उभा राहिला.

"पावसाच्या आदी!"

"बरं!"