हार्कनेसच्या चौकातली टॅन्सी

"कुत्रं उसनं द्यावं, शिट्टी देऊ नये."

हेक्टर मलव्हेनीच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. कुणी कुंपणाची तार ताणायला पक्कड मागायला आलं, तरी पक्कड हातात ठेवताना तो हेच म्हणायचा. शहरातून आलेला माणूस गोंधळून बघत राहायचा. आम्हा मेंढरांच्या मुलखातल्या लोकांना मात्र ते समजावून सांगावं लागत नसे. आमच्याकडे जो तो आपल्या कुत्र्याला आपली शिट्टी शिकवतो. डावीकडून जा, उजवीकडून जा, थांब, माघारी ये. शेजाऱ्यानं गळा फाटेस्तोवर शिट्टी मारली तरी माझं कुत्रं कान हलवणार नाही. म्हणून कुत्रं विकलं की विकणारा नव्या धन्याशेजारी कुरणात उभा राहतो आणि शिट्ट्याही शिकवून जातो. शिट्टी दिली की कुत्रं गेलं. त्याचा कागद आमच्याकडे कुणी करत नाही.

हेक्टरचं घर नदीच्या वळणावर, पत्र्याचं, आमच्या कुंपणाला लागून. लग्न केलं नाही. माणूस उंच, थोडा पुढे झुकलेला, कायम वाऱ्याच्या विरुद्ध चालत असल्यासारखा. तरुणपणी फाटकाचा अडसर तोंडावर बसला आणि पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून त्याच्या शिट्टीत एक मोड आली. दोन आखूड सूर, मग एक लांब, आणि तो लांब सूर संपता संपता काडीसारखा मोडायचा. ती त्याची 'माघारी ये'. संध्याकाळी ती नदीवरून आली की आमची बायको म्हणायची, हेक्टर घरी निघाला, चहा टाका.

टॅन्सी त्याची कुत्री. केल्पी जातीची, तांबडी, डावा कान तारेनं फाटलेला. पुराच्या वर्षी नदीनं दोन्ही बाजूंनी वेढलेल्या उंचवट्यावर तिनं अख्खा कळप धरून ठेवला होता. माणूस कुणी सोबत नाही, पोटात काही नाही. पाणी जरा ओसरल्यावर हेक्टर होडी घेऊन पोचला तेव्हा ती मेंढरांकडे तोंड करून बसलेली होती आणि त्याच्याकडे वळूनही बघत नव्हती, कारण अजून तिला काम संपल्याचं सांगितलेलं नव्हतं. ही गोष्ट सगळ्या जिल्ह्यात पसरली. पुढे जवळच्या हार्कनेस शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून भर चौकात कामाच्या कुत्र्याचा पुतळा बसवायचं ठरवलं, तेव्हा दुसरं नाव कुणी घेतलंच नाही.

मूर्तिकार राहायचा डोंगरापलीकडे, समुद्राकाठी. त्याला कुत्री जिवंत समोर हवी होती. आणि दिवस मेंढ्या व्यायचे. हेक्टरला जागचं हलता येईना. तेव्हा डूगल पायक म्हणाला, "मी नेतो की. माझा लोकरीचा ट्रक तसाही तिकडेच जातो."

डूगल म्हणजे हेक्टरचा शाळेपासूनचा सोबती. एका बाकावर बसले, एका वर्षी शाळा सोडली. हेक्टरला भाऊ नव्हता. होता तो हाच. पण कुत्री मूर्तिकारापुढे थांबायला हवी, आणि नुसती थांबून थांबून वेडी होऊ नये म्हणून तिला तिथल्या कुरणात रोज थोडं पळवायलाही हवं. म्हणजे शिट्ट्या द्यायला हव्यात. जन्मभर जे करू नये म्हणून सांगितलं, ते हेक्टरनं आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून केलं. मी तिथं होतो.

"अरे, बदकाच्या घशात काटा अडकल्यासारखी वाजवतोयस," हेक्टर म्हणाला.

"मग तुझा तो अर्धा दात दे काढून," डूगल म्हणाला. "सगळी करामत त्यातच आहे."

टॅन्सी टेबलाखाली पडली होती. अखेर डूगलला ती मोड जमली, तेव्हा ती उठली आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागली. आम्ही हसलो.

डूगल परतला तो एकटा. हातात फक्त पट्टा. कोल्ह्यांसाठी टाकलेलं विषाचं मांस तिनं खाल्लं म्हणाला. मूर्तिकाराच्या घरामागे निलगिरीच्या झाडाखाली पुरलं म्हणाला. वर दगड ठेवला म्हणाला. केवढा, ते हेक्टरनं विचारलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बापाचं खोगीर डूगलच्या दारात नेऊन ठेवलं. "तू तिला उघड्यावर टाकली नाहीस," एवढंच बोलला. त्यानंतर त्यानं कुत्रं पाळलं नाही. कामापुरता कुणी शेजारी आपलं कुत्रं घेऊन यायचा.

पुतळा मात्र असा उतरला की बघणारा थबकावा. पुढचा एक पाय उचललेला, मान खाली, नजर कुठल्याशा मेंढरावर रोखलेली. फाटका कानसुद्धा. हार्कनेसनं तिला घरचीच मानली. पोरं पाठीवर बसतात, नवरानवरी तिच्याशेजारी फोटो काढतात, फुटबॉलचा अंतिम सामना असला की गळ्यात क्लबचा मफलर येतो. हात लागून लागून तिचं नाक सोन्यासारखं झालंय. मेंढरांच्या बाजाराच्या दिवशी डूगल आपल्या पिकअपमधून हेक्टरला शहरात आणायचा, कारण हेक्टरची नजर आता मंद झाली होती. समोरच्या एलेनीबाईच्या हॉटेलातून खिम्याचे पॅटीस घ्यायचे आणि पुतळ्याजवळच्या बाकावर दोघांनी बसायचं. वीसेक वर्षं हा क्रम. हेक्टर तिच्या पाठीवर हात ठेवायचा. उन्हाळ्यात चटका बसायचा, तरी ठेवायचा.

गेल्या शरदातल्या बाजाराला मीही होतो. माझी मेंढरं विकून झाली होती आणि मी त्यांच्या बाकाच्या टोकाला टेकलो होतो.

"हेक्टर, आज पण कांदा नको?" एलेनीबाईनं दारातून विचारलं. "माझ्या कांद्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"देऊ नकोस त्याला," डूगल म्हणाला. "घरी जाईस्तोवर मला गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागतात."

तेवढ्यात एक परगावची बाई लहान मुलीला घेऊन पुतळ्यापाशी आली. गाडी धुळीनं माखलेली, नंबरपाटी दूरच्या क्वीन्सलंडची. पोर लगेच कुत्रीच्या पाठीवर चढली आणि टाचा मारू लागली. "चल! चल ना!"

"अगं, अशी नाही चालायची ती," आई हसत म्हणाली. "तिला सांगावं लागतं." आणि तिनं जीभ दातांमागे लावून शिट्टी मारली.

दोन आखूड. एक लांब. आणि लांब सूर शेवटी मोडला.

हेक्टरच्या हातातलं पॅटीस तिथंच राहिलं. त्या बाईचे दात धड होते, सगळे. ती मोड तिच्या तोंडात आपोआप येणारी नव्हती. ती कुणीतरी कुणालातरी शिकवलेली होती.

"बाई," हेक्टर म्हणाला, "ती शिट्टी पुन्हा वाजवाल?"

तिनं वाजवली. "आवडली? आमच्या बाबांची आहे. म्हणजे, त्यांच्या कुत्रीची. वारेगो नदीवर आमची मेंढरं होती. तिथं एक तांबडी कुत्री होती, हुबेहूब अशी, कानसुद्धा डावाच फाटलेला. म्हणून तर मी गाडी थांबवली."

"शिट्टी तुमच्या बाबांनी बसवली?"

"छे! शिट्टी तिच्याबरोबरच आली. विकणाऱ्यानं बाबांना शिकवली. शेवटी ती मोडते ना, तशी मोडल्याशिवाय कुत्री ऐकायचीच नाही. बाबांनी आठवडाभर घोकली. आई म्हणायची, या माणसानं घरात कुकाबुरा पक्षी पाळलाय."

डूगल बुटांकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला बघवेना.

"नाव काय होतं तिचं?"

"रस्टी. ते आम्ही ठेवलेलं. आधीचं नाव विकणाऱ्यानं सांगितलंच नाही. लोकरीचा ट्रकवाला होता कुणीतरी. मी फार लहान होते."

"जगली?"

"भरपूर. म्हातारी होऊन ओसरीवर मेली." मग ती जराशी थांबली. समोरचा म्हातारा नुसता वेळ घालवायला विचारत नाहीये, हे तिच्या ध्यानात आलं असावं. "पहिला हिवाळा मात्र जड गेला तिला. ट्रकचा आवाज आला की फाटकाशी जाऊन उभी राहायची. बाबा म्हणायचे, कुणाची तरी वाट बघतेय."

हेक्टरनं मान हलवली. "तुमच्या बाबांनी सांभाळली नीट. त्यांना सांगा." तिनं पोरीला पाठीवरून उतरवून घेतलं आणि ती बाजूला झाली, पण गेली नाही.

"डूगल."

"हं."

"निलगिरीच्या झाडाखाली पुरलंस म्हणालास."

"हेक, ऐक..."

"वर दगड ठेवला म्हणालास. मी विचारलं होतं, केवढा. तू हातांनी दाखवलास मला तो दगड. एवढा." हेक्टरनं दोन्ही हात पुढे धरले आणि ते तसेच धरून ठेवले.

डूगलचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो बोलला तेव्हा अगदी हळू बोलला. "मी तिला कुरणात पळवत होतो, तू सांगितलंस तशी. तिनं मेंढरं अशी वळवली की वारेगोहून मेंढरं बघायला आलेला एक माणूस कुंपणापलीकडे टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, हिचा धनी कोण? आणि मी म्हणालो, मी. निघून गेलं तोंडातून. ट्रकवाल्याकडे कधी कुणी तसं बघत नाही, हेक. मग तो मागायला लागला. जेवायला नेलं, पुन्हा मागायला लागला. कुत्री माझी नाही असं सांगायला तोंड उरलं नव्हतं. मागणारा समोर उभा होता, आणि तू कुठल्या कुठे."

"म्हणून शिट्ट्या दिल्यास."

"दिल्या."

"मी शिकवलेल्या."

डूगलनं गाडीची किल्ली मुठीत धरली.

"नंतर सांगायचं होतंस. कधीही. मी चालत गेलो असतो वारेगोला." हेक्टरचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "बापाचं खोगीर घेतलंस माझ्याकडून. आणि दर बाजाराला इथं बसून माझा हात बघत राहिलास, या ब्राँझवर फिरताना."

"तुला एकट्याला कसा येऊ देणार होतो?" डूगल म्हणाला. तो खरंच बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं. पण हेक्टर त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता. हा कोण, कुठला, आपल्या बाकावर का बसलाय, असा.

हेक्टरनं पॅटीस कागदात गुंडाळून बाकावर ठेवलं. उठताना आधाराला हात पुतळ्याकडे गेला आणि मध्येच मागे आला. बाकाची कड धरून तो उभा राहिला, टोपी घातली.

"हेक, गाडीत बस. घरी जाऊन बोल मला काय बोलायचं ते. मार हवं तर. तुला पुलावरचा रस्ता दिसत नाही रे."

"दिसत नाही," हेक्टर म्हणाला. "खरंय तुझं."

आणि तो चालू लागला. एक हात दुकानांच्या भिंतींवरून घासत, बँकेवरून, खाटकाच्या दुकानावरून, न्हाव्याच्या खांबावरून. कोपऱ्यावर थांबला, गाड्यांचा आवाज संपेपर्यंत कान देऊन उभा राहिला, मग रस्ता ओलांडून पुलाच्या दिशेला लागला. एलेनीबाई हातात कप घेऊन दारात उभी होती. त्या परगावच्या बाईनं पोरीला कडेवर घेतलं होतं. मी उठून माझ्या गाडीच्या दाराशी आलो होतो. डूगल बाकापुढे उभा होता, किल्ली मुठीत धरून. हाक कुणीच मारली नाही. गोदामाच्या वळणाआड त्याची वाकलेली पाठ जाईपर्यंत आम्ही सगळे बघत राहिलो.